डिसेंबरच्या आधी: एक चीज, चार माध्यमं

तानसेन समारोह डिसेंबरात असतो. ग्वाल्हेरच्या हजिरा भागात तानसेनाच्या समाधीपाशी शहनाई वाजते, हरिकथा होते, मीलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण) होतो, आणि त्या दिवसांत गाण्याच्या निमित्तानं ग्वाल्हेरचं नाव सगळीकडे घेतलं जातं. २०२३ साली युनेस्कोनं आपल्या शहराला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून यादीत घेतलं, २०२४ साली समारोहाची शंभरी झाली. या दिवसांत कुणी ‘ग्वाल्हेर घराणं’ शोधायला गेलं, तर इथल्या लष्कर नावाच्या भागातल्या एखाद्या घरात सतरंजीवर आजही चालणारी तालीम त्याला दिसावी, म्हणून आम्ही काकूंच्या गाण्याच्या क्लासचे छोटे उभे व्हिडिओ करतो. एकच व्हिडिओ इन्स्टाग्राम, यूट्यूब, फेसबुक आणि व्हॉट्सॲप अशा चार ठिकाणी जातो. त्याची तयारी मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करते. ज्यांच्या घरी असा क्लास आहे, त्यांच्यासाठी ती इथे क्रमानं लिहिते आहे.

पहिलं काम फोनला हात न लावता करायचं: चीज (बंदिश) निवडायची आणि आवर्तनं, म्हणजे तालाचे फेरे, मोजायची. तिलवाडा या तालात १६ मात्रा. मिनिटाला ३० मात्रांची विलंबित लय धरली तर एक आवर्तन ३२ सेकंदांचं होतं, म्हणजे एका मिनिटात दोन आवर्तनंही पुरी होत नाहीत. तीनतालही १६ मात्रांचा; मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत त्याचं आवर्तन ४ सेकंदांत संपतं. नवख्या कानाला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कधी आली आणि गेली ते कळतच नाही. १२० मात्रांची मध्यलय घेतली की आवर्तन ८ सेकंदांचं, आणि ४८ सेकंदांत बरोबर सहा आवर्तनं बसतात. दोन आवर्तनं स्थायी (चिजेचा पहिला भाग), दोन बोल-आलापाची (शब्द घेऊन केलेल्या आलापांची), दोन तानांची. एवढ्यात रागाचा चेहरा दिसतो. बडा ख्याल (विलंबित लयीतला) पुरा ऐकवायचा असेल तर आडवा लांब व्हिडिओ वेगळा करावा. तो कापून उभ्या चौकटीत कोंबू नये, ऐकणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही.

मिनिटाच्या आत राहण्याला आणखी एक कारण आहे. यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादा १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांची झाली, इन्स्टाग्रामनंही जानेवारी २०२५ मध्ये रील तीन मिनिटांपर्यंत नेली. पण यूट्यूबचा नियम असा, की एका मिनिटाहून मोठ्या शॉर्टवर कंटेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण ओळखणाऱ्या यंत्रणेचा, दावा लागला तर तो शॉर्ट जगभर बंद होतो. शास्त्रीय गाणाऱ्यांना असे दावे सुखासुखी लागतात, त्याबद्दल पुढे सांगते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रील आणि शॉर्ट संपले की आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आपला तालही फिरताच असतो. मुखडा (समेवर नेणारा चिजेचा सुरुवातीचा तुकडा) खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचललेला असेल, तर व्हिडिओ नवव्या मात्रेवर सुरू करायचा आणि शेवटच्या आवर्तनात आठवी मात्रा संपताच कापायचा. व्हिडिओ फिरला की तोच मुखडा पुन्हा येतो, सम जागेवर पडते, आणि ऐकणाऱ्याला जोड कळत नाही. यासाठी लय पक्की हवी. तान घेताना लय चढली, तर शेवट आणि सुरुवात यांची गाठ लगेच उघडी पडते, म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी चार दिवस त्याच तबलजींबरोबर त्याच लयीत बसा. तंबोऱ्याचं छेडणं तालाच्या हिशेबानं चालत नाही, तेव्हा तिथे बारीकसा धक्का राहतोच. दोन्ही टोकांना आवाज अगदी निसटता उतरवला-चढवला की तोही झाकला जातो.

व्हॉट्सॲप स्टेटस मात्र फिरत नाही. ते संपलं की पाहणारा पुढच्या माणसाच्या स्टेटसवर जातो. मागच्या वर्षी मी तोच फिरता व्हिडिओ स्टेटसला लावला. संध्याकाळी काकूंनी विचारलं, ‘अगं, समेवर यायच्या आत कुणी उठून गेलं का?’ आठव्या मात्रेवर गाणं हवेत लोंबकळत राहिलं होतं. तेव्हापासून प्रत्येक चिजेच्या दोन कापण्या ठरलेल्या: रील आणि शॉर्टसाठी ‘फिरती’, स्टेटससाठी ‘समेची’, ज्यात शेवटचा मुखडा समेवर येतो, तिथे तिहाईसारखा (तीनदा म्हणून समेवर संपणाऱ्या तुकड्यासारखा) ठहराव मिळतो आणि तंबोरा दोन सेकंद एकटा ऐकू येतो. स्टेटसची लांबी अधूनमधून बदलत असते, तेव्हा तीही मिनिटाच्या आतच ठेवते.

दोन कापण्या निघायच्या तर मागे एक कोरी प्रत लागते, आणि माझ्या यादीत सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच लिहिलेलं आहे. कोरी प्रत म्हणजे ज्यावर अक्षर नाही, क्लासचं चिन्ह नाही, फिल्टर नाही, वरून घातलेलं संगीत नाही, अशी पूर्ण फाइल. ती १०८० बाय १९२० मध्ये, म्हणजे ९:१६ च्या उभ्या चौकटीत ठेवा. गाणं सुरू होण्याआधी दहा सेकंद आणि संपल्यावर दहा सेकंद नुसता तंबोरा रेकॉर्ड करा. कापणी जुळवताना तो फार कामी येतो. एका ॲपवर टाकलेला व्हिडिओ तिथून उतरवून दुसरीकडे चढवू नका. त्यावर पहिल्या ॲपचं चिन्ह येतं, आणि असं चिन्ह दिसणारे व्हिडिओ इन्स्टाग्राम नव्या लोकांपर्यंत पोचवत नाही. ॲपच्या आत केलेली अक्षरांची सजावटही तिथेच अडकते. तेव्हा कापणी बाहेर करायची, आणि प्रत्येक ठिकाणी कोऱ्या प्रतीतून निघालेली ताजी फाइल द्यायची.

बैठक मुळात आडवी. मधे गायक, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे तंबोरे. उभ्या चौकटीत हे मावत नाही. फोन मागे नेला तर माणसं मुठीएवढी दिसतात. आम्ही गायिकेला पुढे बसवतो, तबलजींना तिच्या मागे अर्धा हात डावीकडे आणि पेटी उजवीकडे थोडी आत घेतो. तंबोरा उभाच असतो, त्याला ही चौकट जणू शिवून दिल्यासारखी बसते. भोपळ्यापासून खुंट्यांपर्यंत सगळा दिसू द्या. गाणाऱ्यांची एकमेकांशी नजरानजर तुटता कामा नये, नाहीतर समेवर येताना दिसणारी ती दाद हरवते. एकदा तशी बसून अर्धा तास गाऊन बघा, आणि नाहीच जमलं तर नेहमीसारखे बसा. चौकटीपायी गाणं अवघडू नये. खालचा साधारण पाव भाग मोकळा ठेवा, कारण तिथे ॲपचा मजकूर चढतो. उजव्या कडेला बटणं असतात. म्हणजे तबल्यावरचे हात तळाशी आले तर झाकले जाणार. पुढच्या कॅमेऱ्यानं घेऊ नका. त्यात काही फोन चित्र आरशासारखं उलट साठवतात, डग्गा-तबला डावे-उजवे होतात, आणि जाणकार तेच पहिल्यांदा बघतो.

उजेडाचं थोडक्यात सांगते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला ३० चित्रांनी घेतलं तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसू शकतात. फोनमध्ये २५ चित्रांची सोय असेल तर ती घ्या, किंवा सकाळी खिडकीपाशी बसा. आम्ही नऊच्या आत संपवतो. उन्हं मऊ असतात आणि गल्लीत गाड्यांची वर्दळ सुरू झालेली नसते.

आवाजाला मात्र पुरा एक दिवस द्या. फोनमध्ये आणि कापणीच्या ॲपमध्ये ‘गोंगाट कमी करा’ असं बटण असतं. त्या यंत्रणेच्या लेखी सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट: पंखा, कूलर, मोटर. तंबोराही सतत एकसारखाच चालतो! एकदा माझ्याकडून ते बटण दाबलेलं राहिलं आणि अख्ख्या व्हिडिओतून तंबोरा पुसला गेला. खाली षड्ज (सा) नाही आणि वर काकूंचा यमनातला तीव्र मध्यम एकटा उभा. तो व्हिडिओ मी त्याच दिवशी काढून टाकला. तेव्हा ते बटण बंद, आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करणारी सोयही बंद; ती चालू असेल तर गायिका श्वासाला थांबली की तंबोरा एकदम फुगतो. पंखा बंद ठेवून बसायचं म्हणूनही नोव्हेंबर बरा. कॉलरचा माइक असेल तर तो गायिकेला लावा, पण तबला त्यात दूरचा येतो. एकच माइक असेल तर तो समोर दीड-दोन हातांवर ठेवून सगळ्यांना एकत्र घेणं मला जास्त आवडतं. नंतर फोनच्या छोट्या स्पीकरवर ऐकून बघा. त्यावर डग्गा जवळजवळ नाहीसा होतो, तेव्हा हेडफोननं आणि स्पीकरनं दोन्ही प्रकारे तपासा.

आता दाव्यांचं. पारंपरिक चीज कुणा एकाच्या मालकीची नसते, पण तिच्या ध्वनिमुद्रणावर हक्क असतो. आपल्या कायद्यात तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. कंटेंट आयडी ही यंत्रणा तुमचा आवाज तिच्याकडच्या नोंदींशी ताडून बघते. तोच राग, तीच चीज, त्यात ॲपवरचा तोच इलेक्ट्रॉनिक तंबोरा असला, की ती घोटाळा करू शकते. म्हणून शक्य तिथे खरा तंबोरा, खरा तबला. यूट्यूबवर व्हिडिओ आधी खासगी ठेवून चढवा आणि तपासणी होऊ द्या. चुकीचा दावा आला तर हरकत घेता येते, पण समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. डिसेंबरात दिसायला हवं असेल तर नोव्हेंबरात चढवण्याचं कारण हेच. न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग पुरावा म्हणून जपा. वरून सिनेमाचं गाणं किंवा ट्रेंडमधला आवाज लावायचा आमच्याकडे प्रश्नच येत नाही, आणि लावलात तर तो दुसऱ्या माध्यमावर नेता येईलच असं नाही.

मुलं गाणार असतील तर त्यांच्या आईवडिलांची लेखी संमती आधी घ्या, चारही माध्यमांची नावं लिहून. शाळेचा गणवेश नको, पूर्ण नाव नको, घराची पाटी दिसायला नको. यूट्यूब विचारतं, की व्हिडिओ लहान मुलांसाठी बनवलेला आहे का. मूल गातंय म्हणून ‘हो’ म्हणू नका. तो प्रश्न पाहणाऱ्यांबद्दलचा आहे, आणि ‘हो’ म्हटलं की प्रतिक्रिया बंद होतात.

मजकूर चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहावा लागतो आणि मला ते काम मनापासून आवडतं. यूट्यूबवर लोक शोधत येतात, म्हणून शीर्षकात राग, ताल, ‘ग्वाल्हेर घराणं’ हे आधी. शंभर अक्षरांची मर्यादा आहे, आणि रागाचं नाव रोमन लिपीतही घाला, कारण पुष्कळ लोक तसंच टंकतात. शॉर्टच्या वर्णनात दिलेली लिंक दाबता येत नाही. पूर्ण बैठकीचा व्हिडिओ ‘संबंधित व्हिडिओ’ म्हणून जोडा. इन्स्टाग्रामवर आमच्या मुलांचे मित्र, बहुतेक हिंदी बोलणारे. तिथे चिजेचा अर्थ हिंदीत दोन ओळींत देते, कारण शब्द ब्रज भाषेतले असतात आणि ते इथल्या लोकांना आपलेच वाटतात. प्रोफाइलवरची चौकट आता ३:४ ची दिसते, तेव्हा मुखपृष्ठाच्या चित्रात चेहरा मधे घ्या. फेसबुकवर पुणे, मिरज, इंदूरचे काका-मावश्या. त्यांच्यासाठी मराठीत लांब लिहिते: ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू खाँ-हस्सू खाँ यांची गायकी वासुदेवबुवा जोशींकडून शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, आणि त्याच वाटेवरची ही चीज आमच्याकडे कुणाकडून आली. तिथल्या प्रतिक्रियांत कधी कधी चिजेचा हरवलेला अंतरा मिळतो. व्हॉट्सॲपवर साथीदारांना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबली जाऊन आवाज पातळ होतो. देवनागरी अक्षरं व्हिडिओवर घालायची असतील तर जोडाक्षरं तपासा. काही ॲप ‘ग्वाल्हेर’ फोडून टाकतात. चारही ठिकाणी तबलजींचं आणि पेटीवाल्यांचं नाव गायिकेच्या नावाइतकंच ठळक हवं. एकाच दिवशी सगळीकडे टाकायची घाई नको, मी दोन-दोन दिवसांचं अंतर ठेवते, म्हणजे येणाऱ्या प्रश्नांना उत्तर द्यायला वेळ मिळतो.

शेवटी फाइलचं नाव. काकूंच्या कपाटात त्यांच्या गुरुजींच्या अकरा कॅसेट आहेत. त्यांतल्या सातांवर काहीच लिहिलेलं नाही. तबला कोण वाजवतंय ते आता सांगायला कुणी उरलेलं नाही. म्हणून कोऱ्या प्रतीच्या नावात राग, ताल, पट्टी (गायिकेचा सा कुठला ते), गायिका, साथीदार आणि तारीख हे सगळं त्याच दुपारी लिहायचं. एक प्रत माझ्या संगणकात, दुसरी एका छोट्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क त्या कॅसेटच्या शेजारी.