माया दिनगणनेप्रमाणे साधना कशी करावी: आधी मोजणी शिका

‘तुमची माया रास कोणती?’ असले लेख वाचून ज्यांना या विषयाची ओढ लागली आहे, त्यांना आधीच सांगते: मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या परंपरेत रास नाही, दिवस आहे. ग्वाटेमालाच्या पहाडी मुलखात, माया समाजातल्या किचे लोकांच्या गावांत, २६० दिवसांची गणना आजही रोज मोजली जाते. तिला ते चोल्कीह म्हणतात आणि ती सांभाळणाऱ्या जाणत्याला आहकीह. अभ्यासाच्या पुस्तकांत भेटणारं ‘त्सोल्किन’ हे नाव आधुनिक अभ्यासकांनी दिलेलं आहे. वीस दिवसनावं आणि तेरा आकडे, एवढाच तिचा सांगाडा.

मी ही गणना सात फेऱ्या सलग धरली आहे. ११ ऑक्टोबर २०२० ते ५ ऑक्टोबर २०२५, म्हणजे १,८२० दिवस. मी आहकीह नाही आणि या लेखाने तुम्हीही होणार नाही. तिथे त्यासाठी गुरूकडे निदान एक पूर्ण फेरी शिकावं लागतं, मग दीक्षा मिळते. आपण करणार आहोत ते साधं काम: दिवस ओळखायचा, त्याने काय विचारलं ते ऐकायचं आणि रात्री एक ओळ लिहायची.

तयारीला एक वही पुरते.

वीस नावं तोंडपाठ करा

क्रम असा: बात्स (धागा, माकड), ए (वाट), आह (वेळूचं कांडं, घरदार), ईश (जॅग्वार, डोंगर), त्सिकिन (पक्षी, बरकत), आहमाक (चूक आणि क्षमा), नोह (विचार), तिहाश (गारगोटीची सुरी), कावोक (वादळ, समाज), आहपू (शिकारी, सूर्य), इमोश (मगर, पाणी, सैरभैर मन), इक (वारा, श्वास), आकाबाल (पहाट), कात (जाळं), कान (साप), केमे (मृत्यू), केह (हरीण), कानिल (बी, मका), तोह (देणं फेडणं), त्सी (कुत्रा, न्याय). त्सीनंतर पुन्हा बात्स.

यातला ‘त्स’ आपल्याला फारसा अवघड नाही, तो आपल्या ‘चमचा’तल्या चच्या जवळचा आहे. ‘ह’ मात्र घशातून काढायचा. दोन आठवड्यांत पाठ होतं.

आजचा दिवस काढणं

इथेच बहुतेक जण चुकतात, आणि मीही इथेच चार महिने घालवले. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिली चूक समजुतीची. नावं आणि आकडे दोन्ही रोज एकेक पाऊल पुढे जातात. आज ८ बात्स असेल तर उद्या ९ ए, परवा १० आह. महिन्यासारखं ‘१ बात्स, २ बात्स, ३ बात्स’ असं मोजायचं नसतं. आकडा तेरावर संपला की पुन्हा एकवर येतो, नाव मात्र आपल्या वाटेने पुढे चालत राहतं. पंचांगात वार आणि तिथी आपापल्या चालीने जातात तसंच हे. १३ आणि २० यांची जोडी पुन्हा जुळायला २६० दिवस लागतात. किचे लोक या आकड्याचा संबंध बाळाच्या पोटातल्या दिवसांशी लावतात.

दुसरी चूक महाग पडते. इंटरनेटवर ‘माया’ नावाने दोन वेगळ्या गणना फिरतात. एक गावांत चालू असलेली. दुसरी गेल्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत रचलेली, जी २९ फेब्रुवारी मोजतच नाही. ‘गॅलॅक्टिक सिग्नेचर’, निळा हात, पिवळा सूर्य असे शब्द दिसले की समजा तीच आहे. दोन्हींत किती फरक पडतो ते एका दिवसावर पाहा. २१ डिसेंबर २०१२ रोजी, ज्या दिवशी जग बुडणार म्हणून इतका गवगवा झाला, गावांतल्या गणनेत ४ आहपू होता. दुसऱ्या गणनेत त्या दिवशी १२ मानिक येतो. मानिक म्हणजे किचेतला केह. एकाच सूर्याखाली एका ठिकाणी शिकारी आणि दुसऱ्या ठिकाणी हरीण.

मी सुरुवात केली ती फोनमधल्या एका अॅपवर विसंबून. २०१९ची दिवाळी नुकतीच झाली होती. अॅप ज्याला आहमाक म्हणे त्या दिवशी मी आजीच्या फोटोपुढे दिवा लावायची, कारण तिच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्याशी जे तोडून बोलले होते त्याची क्षमा मला मागायची होती. मग २९ फेब्रुवारी २०२० उजाडला आणि अॅपमध्ये त्या दिवसाला नावच नव्हतं. एक आख्खा दिवस, सूर्य उगवलेला, दूधवाला येऊन गेलेला, आणि गणनेत तो दिवस नाही. पुढे मैत्रिणीने ग्वाटेमालाहून भिंतीवरचं छापील कॅलेंडर पाठवलं. आपल्या कालनिर्णयात तिथी असते तशी त्यात प्रत्येक चौकोनात दिवसाची खूण आणि ठिपके-रेघांचा आकडा. २९ फेब्रुवारीच्या चौकोनात स्पष्ट ४ केमे होतं. माझे सगळे आहमाक चुकीच्या दिवशी पडले होते. ते दिवे वाया गेले असं मी म्हणत नाही, क्षमा कुठल्याही दिवशी मागता येते. पण आहमाकला मागतेय म्हणून जे मागितलं, ते त्या दिवशी मागितलंच गेलं नाही.

‘मनापासून केलं की कुठलीही गणना चालते’ असं मला पुष्कळांनी सांगितलं. मला ते पटत नाही. १५२४ साली स्पॅनिश सरदार पेद्रो दे अलवारादो किचे मुलखात घुसला, राजधानी जळाली, पोथ्या गेल्या. गणना थांबली नाही. १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षं देशात यादवी चालली, त्यात सगळ्यांत जास्त माणसं मारली गेली ती माया समाजाची. गणना थांबली नाही. एकही दिवस न गाळणं हेच तिचं व्रत आहे. ज्यांनी ते जिवावर उदार होऊन पाळलं, त्यांच्या नावाने दिवस गाळलेली गणना धरायची असेल तर निदान तिला माया म्हणू नये.

आता प्रत्यक्ष मोजणी. खुंटी म्हणून ५ ऑक्टोबर २०२५ धरा, त्या दिवशी ८ बात्स होता. समजा २७ फेब्रुवारी २०२६, मराठी भाषा गौरव दिन, कोणता ते काढायचं आहे. ऑक्टोबरचे उरलेले २६, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २७, एकूण १४५. ५ ऑक्टोबर स्वतः मोजायचा नाही. इथे एक दिवस वाढला की पुढचं सगळं सरकतं. १४५ला १३ने भागा, बाकी २. आठात दोन मिळवले, १०. (बेरीज तेराच्या वर गेली तर तेरा वजा करा.) १४५ला २०ने भागा, बाकी ५. बात्सपासून पाच पावलं: ए, आह, ईश, त्सिकिन, आहमाक. म्हणून १० आहमाक.

जन्मदिवस काढायचा तर मागे जा. दोन तारखांमधले दिवस संगणकाकडून काढा, बोटांवर नको. १ मे १९६० ते ५ ऑक्टोबर २०२५ हे २३,८९८ दिवस होतात. १३ने भागून बाकी ४. आठातून चार गेले, ४ उरले. २०ने भागून बाकी १८. बात्सपासून अठरा मागे म्हणजेच दोन पुढे, आह. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस ४ आह, घरदाराचा. इथे वजाबाकी शून्यावर किंवा खाली गेली तर तेरा मिळवा.

दोन प्रश्न हमखास येतात. ग्वाटेमाला आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, मग तारीख कुठली धरायची? जिथे तुम्ही आहात तिथली. आणि दिवस कधी बदलला असं मानायचं? आपण उदयतिथी मानतो तसं मी सूर्योदयाचा दिवस धरते आणि तो रात्री झोपेपर्यंत बदलत नाही. जन्मदिवसाला जन्मगावची तारीख.

मोजायला हाताशी काही हवं असेल तर पांगाऱ्याच्या बिया घ्या. आहकीह ज्या लाल त्सिते बिया वापरतात, त्या पांगाऱ्याच्याच कुळातल्या झाडाच्या. वीस बिया एका वाटीतून दुसरीत, रोज एक. बिया विषारी असतात, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. आणि त्या टाकून भविष्य बघायचा खेळ करू नका. बियांची मांडणी वाचणं ही दीक्षेनंतरची विद्या आहे.

आकडा

लहान आकडे मवाळ, मोठे जोरकस, मधले ७, ८, ९ समतोल. सुरुवातीला एवढंच पुरे.

दिवस ऐकणं

सकाळी फक्त नाव आणि आकडा वहीत लिहा. अर्थ वाचत बसू नका. अर्थ आधी वाचला की दिवसभर मन त्याचे पुरावे गोळा करतं आणि संध्याकाळी ‘बघा, जुळलं’ म्हणून खूश होतं. ती साधना नव्हे.

रात्री त्या दिवसाचा एकच प्रश्न स्वतःला विचारा. तोह असेल तर: आज मी कुणाचं देणं लागते? तिहाश असेल तर: काय कापून टाकायला हवं, आणि मी काय उगाच कापत सुटले? कात असेल तर: मी कशात गुरफटले आहे? कानिलला: काय पेरलं? उत्तर एका ओळीत, नाव-गाव-रकमेसह. ‘मन शांत वाटलं’ अशी ओळ खोडून टाका. माझ्या वहीतली एका तोहची ओळ अशी आहे: ‘भाजीवालीचे चाळीस रुपये, तीन आठवडे.’ दुसऱ्या दिवशी, त्सीला, ते दिले. वीस दिवसांनी पुन्हा तोह आला तेव्हा लिहायला याहून मोठं देणं सापडलं, पैशाचं नसलेलं.

‘चांगला दिवस, वाईट दिवस’ हे डोक्यातून काढा. केमे आला म्हणून कुणी मरत नाही. तो गेलेल्यांना आठवायचा दिवस आहे. इमोशला डोकं भिरभिरतं असं म्हणतात, म्हणून मी त्या दिवशी सह्या करत नाही, पण लिहिते भरपूर. त्सिकिनला लॉटरीचं तिकीट घ्यायला सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

पहिल्या फेरीत काही जाणवणार नाही. प्रत्येक नाव तेरा वेळा येऊन गेलेलं असतं, तेव्हा एकाच नावाच्या तेरा ओळी एकाखाली एक लिहून काढा. माझ्या तेरा इक दिवसांपैकी सातांत रागावून बोलल्याची नोंद निघाली. वारा म्हणजे श्वास, आणि श्वास म्हणजे माझी जीभ, हे मला कुठल्याही लेखाने सांगितलं नसतं.

अग्नी

ग्वाटेमालातल्या चिचिकास्तेनांगो गावात सान्तो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर कोपल राळेचा धूर चढत असतो. तिथल्या विधीत पूर्वेला लाल, पश्चिमेला काळा, उत्तरेला पांढरा, दक्षिणेला पिवळा असे रंग मांडतात. त्याची नक्कल घरी करू नये असं माझं ठाम मत आहे. निरांजन लावा, ते तुमचं आहे.

फेरी पूर्ण झाली की

पुढचा ८ बात्स २२ जून २०२६ला आहे, त्यानंतरचा ९ मार्च २०२७ला. मोमोस्तेनांगो या किचे गावात ८ बात्सच्या दिवशी नव्या आहकीहांना दीक्षा देतात. तुम्ही रोज एक पाऊल टाकत गेलात आणि २२ जूनच्या सकाळी वहीत आपोआप ८ बात्स आला, तर नवी वही काढा. दुसरंच काही आलं, तर पुढे जाऊ नका. जुनी वही उलटी चाळत या आणि निसटलेला दिवस शोधा. माझा एकदा प्रवासातल्या रात्री, आगगाडीत निसटला होता. सापडला की त्याच्या जागी त्याचं नाव लिहा आणि त्या दिवशी काय झालं ते आठवेल तेवढं लिहून काढा.