म्हाकूळ कोणत्या पाण्यात असेल, हे समुद्राच्या स्थितीवरून कसे ओळखावे

कोकण किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात येणारा म्हाकूळ (इंग्रजीत स्क्विड), म्हणजेच गोव्यातील माणकी, कोणत्या पाण्यात सापडेल याचा अंदाज बांधताना बहुतेक जण समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा नकाशा प्रथम उघडतात. माझ्या मते ही सुरुवातच दिशाभूल करणारी आहे. आपल्या किनाऱ्यावरचा म्हाकूळ दिवसा तळालगत राहतो आणि रात्री भक्ष्यामागे वरच्या पाण्यात येतो. त्यामुळे त्याचा मुक्काम ठरतो तो मुख्यतः तळाच्या पाण्यावरून, आणि उपग्रहाला तळ दिसत नाही. पुढील पद्धत म्हणूनच तळापासून वर वाचत जाण्याची आहे. ती मच्छीमार सहकारी संस्था, तांडेल (बोटीचे प्रमुख) आणि मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी यांना सारखीच वापरता येईल.

सर्वांत आधी आपण कोणत्या म्हाकुळाविषयी बोलत आहोत, हे निश्चित करावे. मुंबईच्या ससून डॉकवर किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उतरणारा नेहमीचा म्हाकूळ ‘युरोटयूथिस डुवॉसेली’ या जातीचा असतो आणि तो समुद्रबूड जमिनीवरच्या, म्हणजे किनाऱ्यालगत पाण्याखाली गेलेल्या उतरत्या भूभागावरच्या, उथळ पाण्यात राहतो. त्या जमिनीच्या कडेपलीकडे, खोल अरबी समुद्रात, ‘स्थेनोट्यूथिस ओउलानिएन्सिस’ हा जांभळट पाठीचा मोठा म्हाकूळ आढळतो. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1,000 मीटर खोलीदरम्यान प्राणवायू अत्यंत कमी असलेला जाड थर आहे. हा दुसरा म्हाकूळ दिवसा शरीराचा ऊर्जाखर्च कमी करून त्या थरात उतरतो आणि रात्री पृष्ठभागाजवळ येऊन खातो. किनाऱ्याजवळच्या म्हाकुळाला मात्र कमी प्राणवायूचे पाणी सोडून जावे लागते. एकच बदल एका जातीला हाकलतो आणि दुसरीला निभावून नेतो, म्हणून दोघांच्या नोंदी एका तक्त्यात मिसळू नयेत.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे प्राणवायू. म्हाकूळ पाण्याचा फवारा मागे सोडून पुढे जातो आणि पोहण्याची ही रीत माशाच्या शेपटीच्या तुलनेत फार खर्चिक आहे. शिवाय त्याच्या रक्तात लोहयुक्त हिमोग्लोबिन नसून तांबेयुक्त हिमोसायनिन असते, ज्याची प्राणवायू वाहण्याची क्षमता माशांच्या रक्तापेक्षा कमी असते. गरज जास्त आणि वाहतूक तोकडी, अशी ही अवस्था असल्याने पाण्यातील प्राणवायू घटू लागला की त्याला जागा बदलण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. दर लिटरला 2 मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायू असलेल्या पाण्याला शास्त्रज्ञ प्राणवायू-न्यून म्हणतात. म्हाकुळाची अडचण ती पातळी गाठण्याआधीच सुरू होते, असे धरून चालावे.

आपल्या किनाऱ्यावर हे कधी घडते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत पृष्ठभागाचे पाणी बाहेर ढकलले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध, पण प्राणवायूने गरीब असे पाणी समुद्रबूड जमिनीवर चढते. ही क्रिया केरळ-कर्नाटकाकडे जोरदार असते आणि उत्तरेकडे येताना मंदावते. त्याच वेळी पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी वर पातळ थर बनवून पसरते. हा हलका थर झाकणासारखा बसल्याने वरचे आणि खालचे पाणी मिसळत नाही. वरून गळून पडणारे प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे, अवशेष तळाशी कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या ठरावीक ठिकाणी वर्षानुवर्षे घेतलेल्या मोजणीतून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेथील तळाचा प्राणवायू जवळजवळ नाहीसा होतो आणि काही वेळा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही निर्माण होतो, हे दिसून आले आहे. या दिवसांत उपग्रहाच्या नकाशावर पृष्ठभाग उबदार दिसतो आणि वनस्पती-प्लवकांचे हरितद्रव्यही भरपूर दिसते, म्हणजे कागदावर सगळे अनुकूल असते. खाली मात्र म्हाकुळाला श्वास घेणेही अशक्य झालेले असते.

हे ओळखण्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. दोरीला बांधून खाली सोडता येणारी, ठरावीक खोलीवर बंद होणारी पाण्याची बाटली आणि चांगला थर्मामीटर एवढ्यावर सुरुवात करता येते. विरघळलेला प्राणवायू मोजणारे उपकरण संस्थेने सामाईक घेतल्यास उत्तमच. प्रत्येक ठिकाणी पृष्ठभागाचे आणि तळाचे, असे दोन्ही तापमान घ्यावे आणि खोली वावांत मोजली असेल तर ती मीटरमध्येही लिहावी (एक वाव म्हणजे सुमारे 1.8 मीटर). सप्टेंबरमध्ये तळाचे पाणी वरच्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंड निघाले, तर ते बाहेरून चढून आलेले पाणी आहे असे समजावे आणि तेथे तळाची ओढ घेण्यापूर्वी, म्हणजे जाळे तळालगत ओढण्यापूर्वी, प्राणवायू तपासावा. हिवाळ्यात पाणी ढवळले जाऊन हा फरक जवळजवळ मिटतो, तेव्हा म्हाकूळ पुन्हा रुंद पट्ट्यात पसरू शकतो. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन दोनशे किलोमीटरहून अधिक रुंद आहे आणि दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. म्हणून मालवणचा अनुभव जसाच्या तसा मुंबईच्या पाण्याला लावू नये.

कमी प्राणवायूच्या पाण्याच्या कडेवर विशेष लक्ष ठेवावे. खराब पाणी पुढे सरकते तेव्हा तेथील म्हाकूळ उरलेल्या चांगल्या पट्टीत दाटीवाटीने जमू शकतो आणि त्या पट्टीत एखाद्या बोटीला भरघोस मासळी लागू शकते. अशा वेळी साठा वाढला आहे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, कारण प्रत्यक्षात राहण्याची जागा आकसलेली असते आणि उरलेला सारा म्हाकूळ थोड्या जागेत हाती लागतो.

क्षारता आणि गढूळपणा यांचे काम थोडक्यात सांगता येते. म्हाकुळाला गोडसर पाणी सहन होत नाही आणि तो डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून पावसाळ्यात खाड्यांच्या मुखासमोरचे पाणी तो टाळतो. पांढरी तबकडी दोरीने सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, हे टिपले की पाण्याच्या स्वच्छतेची तुलना करता येते.

यानंतर उपग्रहाकडे वळावे. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती मराठीतही देते. थंड आणि उबदार पाणी जेथे भेटते, तेथे प्लवक साचतात, त्यांच्यामागे जवळा आणि लहान मासे येतात, आणि त्यांच्यामागे म्हाकूळ. ही साखळी पूर्ण होण्यास काळ लागतो. त्यामुळे आज हिरव्या दिसणाऱ्या पट्ट्यात आजच म्हाकूळ शोधण्यापेक्षा मागील दोन-तीन आठवड्यांचे नकाशे एकापुढे एक ठेवून कोणती सीमा टिकून आहे, ते पाहावे. ढगाळ दिवसांत हे नकाशे अपुरे असतात, आणि ते मुळात म्हाकुळासाठी बनवलेले नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

सर्वाधिक शिस्त लागते ती नोंदवहीला. केवळ आणलेले किलो लिहून काहीच कळत नाही. किती तास ओढ घेतली, किती खोलीवर आणि दिवसा की रात्री, हे लिहून एका तासाच्या ओढीला किती किलो मिळाले, ते काढावे. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे अरबी समुद्रात लागोपाठ आली, तेव्हा अनेक बोटी बंदरातच अडकून राहिल्या. अशा आठवड्यांतील रिकामे रकाने म्हाकूळ नसल्याचे नव्हे, तर बोट न गेल्याचे दाखवतात आणि ते तसेच नोंदवायला हवेत. चंद्राची तिथीही लिहावी, कारण रात्रीच्या पाण्यातील त्याची खोली उजेडाप्रमाणे बदलते. प्रखर एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यास केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली आहे, आणि अशा मासेमारीचे आकडे नोंदीत मिसळले तर म्हाकूळ कोठे राहतो याऐवजी दिवा कोठे लावला होता, एवढेच समजते.

प्रत्येक खेपेला काही म्हाकूळ मोजावेत. लांबी बाहूंसह नव्हे, तर पाठीकडून आवरणाच्या (धडाच्या पिशवीसारख्या भागाच्या) टोकापासून त्याच्या पुढच्या काठापर्यंत घ्यावी आणि अंडाशय पक्व आहे का, ते पाहावे. म्हाकुळाचे आयुष्य सुमारे वर्षभराचे असते आणि अंडी घातल्यावर तो मरतो. म्हणजे दरवर्षीचा साठा जवळपास नवा असतो आणि पाण्यातील बदल त्याच्यात लवकर उमटतो. उबदार पाण्यात अंडी लवकर फुटतात, वाढ झपाट्याने होते आणि पक्वता लहान आकारात येऊ शकते. मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात 2009-10 च्या एल निनोनंतर (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा उबदार होण्याच्या घटनेनंतर) हम्बोल्ट म्हाकुळाची मासेमारी कोसळली आणि तेथील म्हाकूळ पूर्वीपेक्षा कितीतरी लहान आकारात पक्व झालेले आढळले. आपल्या नोंदींत लहान पण पक्व म्हाकुळांचे प्रमाण वाढताना दिसले, तर जागेबरोबर त्याच्या वाढीचा वेगही बदलतो आहे का, हे तपासावे. जाळ्याला चिकटून आलेल्या बोटांसारख्या पारदर्शक अंडपिशव्या दिसल्या, तर ती जागा आणि तळाचे तापमान लिहून शक्य तितक्या लवकर त्या पाण्यात परत सोडाव्यात.

जून आणि जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर असतात, तेव्हा मागील हंगामाच्या नोंदी नकाशावर महिनावार मांडाव्यात: एका रंगात तासाला मिळालेले किलो, दुसऱ्या रंगात वरच्या व खालच्या पाण्याच्या तापमानातील फरक. दोन्ही रंग सलग काही हंगाम एकत्र सरकताना दिसले, तरच त्या ठिकाणासाठी नियम मानावा आणि ऑगस्टच्या पहिल्या फेरीत तळाचे पाणी सर्वांत आधी तेथेच काढून पाहावे.