समृद्धी महामार्गावर निघण्याआधी टायर बघा

उन्हाळ्यात नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर गाडी घेऊन निघताय? मग हवा घरून निघतानाच, टायर थंड असताना तपासा. शंभर किलोमीटर पळून तापलेल्या टायरचा दाब वाढलेलाच दिसतो. तो जास्त वाटला म्हणून हवा सोडू नका; टायर थंड झाला की ती कमी पडते. आणि कमी हवाच जास्त घातक. टायरची बाजू सारखी दबत राहते, आतून तापते आणि १२०च्या वेगात टायर फुटतो.

हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. चार माणसं आणि सामान असेल तर त्यावर वेगळा आकडा दिलेला असतो, तो पाळा. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते.

नक्षीच्या खाचांत छोटे उंचवटे दिसतील. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं, म्हणजे खोली १.६ मिमी उरली, की टायर बदलायलाच हवा. मी तर पावसाळ्याआधी ३ मिमीलाच बदलतो, कारण ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकायला खाचा खोल लागतात. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट करून घ्या.

बाजूवर फुगा आला असेल तर त्या टायरवर प्रवास नकोच. टायरचं वयही बघा. ते त्याच्या बाजूवरच्या चार आकड्यांत असतं: २३२२ म्हणजे टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला.

स्टेपनीतही हवा भरा, ती हमखास राहते.