बाजारातून मागे घेतलेल्या वेदनाशामक औषधामुळे इजा झाल्यास कायदेशीर दाद कशी मागावी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेले वेदनाशामक औषध बाजारातून मागे घेतले गेले, म्हणजे नुकसानभरपाईचा दावा अर्धा जिंकलाच, असा अनेक रुग्णांचा समज असतो. तो धोकादायक आहे. औषध सर्वसाधारणपणे घातक ठरू शकते एवढेच त्यातून दिसते. आपल्याला झालेली इजा त्याच औषधाने झाली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी रुग्णावरच राहते.

मर्क या औषध कंपनीने व्हायॉक्स हे वेदनाशामक हृदयविकाराच्या झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढत असल्यामुळे ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घेतले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील टेक्सासमधील ज्यूरीने (खटल्याचा निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) एका मृत रुग्णाच्या पत्नीला २५.३ कोटी डॉलर देण्याचा निर्णय दिला, परंतु मृत्यू औषधामुळे झालेल्या रक्ताच्या गुठळीने झाला याचा पुरेसा पुरावा नाही, असे सांगून अपील न्यायालयाने तो २००८ मध्ये फिरवला.

म्हणून वकिलाकडे जाण्याआधीच पुरावा जपावा. उरलेल्या गोळ्या, स्ट्रिप, खोका, बिले आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांपैकी काहीही टाकू नये; कंपनीने गोळ्या परत मागितल्या असल्या, तरी बॅच क्रमांकाची छायाचित्रे काढून वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय त्या देऊ नयेत. (गोळ्या जपायच्या आहेत, घ्यायच्या नाहीत, मात्र अफूजन्य औषध अचानक बंद केल्यानेही त्रास होतो, त्यामुळे ते कसे थांबवायचे हे डॉक्टरांनाच विचारावे.) औषध दुकानातील विक्रीची नोंद आणि रुग्णालयाची संपूर्ण कागदपत्रे यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागवाव्यात. व्हायॉक्सच्या २००७ मधील ४८५ कोटी डॉलरच्या तडजोडीत पात्र ठरण्यासाठी किमान ३० गोळ्या मिळाल्याची नोंद आणि इजेच्या आधीच्या १४ दिवसांत औषध घेतले असावे असे दाखवणारा आधार लागत होता. तारखा असलेल्या साध्या बिलाचे मोल यावरून कळते.

त्यानंतर औषध का मागे घेतले गेले, ते पाहावे. एखाद्या बॅचमध्ये भेसळ किंवा मात्रेची चूक असेल, तर तो उत्पादनातील दोष होय आणि तेथे बॅच क्रमांक निर्णायक ठरतो. संपूर्ण औषधच मागे घेतले असेल, तर कंपनीला धोका कधी कळला आणि तिने डॉक्टरांना पुरेसा इशारा दिला होता का, यावर लढा होतो. औषध मागे घेतल्याचे जाहीर झाल्यावरही ते लिहून देणारे डॉक्टर किंवा विकणारा दुकानदार यांच्यावर निष्काळजीपणाचा स्वतंत्र दावा होऊ शकतो. गोळी नेमकी कोणाच्या कारखान्यातली, हेही तपासावे, कारण अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर जेनेरिक उत्पादकांवर (मूळ कंपनीच्या औषधाची तशीच आवृत्ती बनवणाऱ्यांवर) अपुऱ्या इशाऱ्यासाठी राज्याच्या कायद्याखाली दावा करणे जवळजवळ अशक्य झाले आहे. सुलिंडॅक या जेनेरिक वेदनाशामकामुळे त्वचेला गंभीर इजा झालेल्या एका महिलेला ज्यूरीने मंजूर केलेले २.१ कोटी डॉलर याच न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केले.

मुदतीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ती देशागणिक, अमेरिकेत तर राज्यागणिक वेगळी असते. काही ठिकाणी ती इजा झाल्यापासून, तर काही ठिकाणी इजेचे कारण रुग्णाला समजल्यापासून मोजली जाते. औषध नियामकाकडे दुष्परिणामाची तक्रार जरूर नोंदवावी, मात्र त्या तक्रारीने दाव्याची मुदत थांबते असे गृहीत धरू नये.

इजा मोठी आणि नोंदी भक्कम असतील, तर स्वतंत्र दावा योग्य ठरतो. नाहीतर अनेक रुग्णांच्या एकत्रित खटल्यात तज्ज्ञांचा खर्च वाटला जातो. वकील यशस्वी झाल्यावरच टक्केवारीने फी घेणार असेल, तर ती खर्च वजा करण्याआधीच्या रकमेवर आहे की नंतरच्या, हे लेखी घ्यावे. तडजोडीच्या कागदावर सही केल्यावर पुढे नवा त्रास उद्भवला तरी सहसा पुन्हा दावा करता येत नाही, आणि उपचारांचा खर्च केलेली विमा कंपनी त्या रकमेत वाटा मागू शकते. म्हणून हातात प्रत्यक्ष किती पडणार, याचा हिशेब सहीपूर्वी मागून घ्यावा.