सोलापूरच्या उन्हाळ्यातला सायकल सराव: पॉवर आणि हार्ट रेट वाचताना या चुका टाळा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या ग्रुपमधल्या अण्णांनी अक्कलकोट रोडवर सायकल थांबवली आणि मीटर माझ्यापुढे धरला. १६० वॉट, ठोके १५२. "जानेवारीत एवढ्याच वॉटला १३६ असायचे. फिटनेस गेला की माझा!" सकाळचे साडेआठ वाजले होते आणि ऊन आत्ताच अंगाला चटके देत होतं. त्यानंतर अण्णांनी घाबरून रोज इंटरव्हल्स (थोडा वेळ जोर, मग विश्रांती, असे फेरे) सुरू केले. मे महिन्यात पाय जड झाले, झोप उडाली, सायकल भिंतीला टेकली ती तीन आठवडे.

फिटनेस कुठेही गेला नव्हता. पॉवर मीटर तुम्ही केलेलं काम मोजतो, तर हार्ट रेट त्या कामाची शरीराने मोजलेली किंमत दाखवतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात काम तेवढंच राहतं आणि किंमत वाढते. ऑफ-सीझनमधल्या, म्हणजे मोठ्या राइड्स नसतानाच्या महिन्यांतल्या, बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

पहिली चूक म्हणजे कॅलेंडरच उसनं आणणं. इंटरनेटवरचे तयार प्लॅन थंड देशांतले असतात. तिकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी बर्फ पडतो, म्हणून तो त्यांचा ऑफ-सीझन. आपल्याकडे नेमके तेच महिने ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) आणि लांब राइड्सचे असतात. डिसेंबरच्या सुंदर थंडीत 'बेस' (सहज, लांब राइड्सनी घातलेला पाया) करायचा आणि मे महिन्यात ४२ डिग्रीला 'पीक' (सर्वोत्तम तयारी) गाठायचं, असं करणारे लोक मी पाहिलेत. आपला ऑफ-सीझन मार्चअखेरीस सुरू होतो. आधी दोन-तीन आठवडे मीटर घरी ठेवून मनाला वाटेल तशी सायकल चालवा किंवा चालवूच नका. मग एप्रिल ते जुलै बेस आणि ऑगस्टपासून हळूहळू तीव्रता. साडेतेरा तासांत २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायची असेल, तर पाया याच काळात घातला जातो.

आता मुख्य मुद्दा: उन्हात हार्ट रेट कसा वाचायचा. अंग गार ठेवण्यासाठी शरीर बरंच रक्त त्वचेकडे पाठवतं, घामातून पाणी जातं, रक्ताचं आकारमान कमी होतं. मग प्रत्येक ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं, आणि ती तूट भरायला हृदय जास्त वेळा धडधडतं. म्हणून दोन तासांच्या राइडमध्ये वॉट तेच राहिले तरी ठोके चढत जातात.

हे चढणं मोजता येतं. समजा पहिल्या तासात सरासरी १५० वॉट आणि १३० ठोके, दुसऱ्या तासात १५० वॉट आणि १४२ ठोके. वॉटला ठोक्यांनी भागा: आधी १.१५४, नंतर १.०५६. म्हणजे जवळपास साडेआठ टक्के घट. पाच टक्क्यांच्या आत असेल तर बेस चांगला आहे असं साधारण मानतात. पण मे महिन्यातल्या साडेआठ टक्क्यांवरून बेस कच्चा आहे असं ठरवू नका. तोच रस्ता, तेच वॉट, जुलैच्या ढगाळ सकाळी पुन्हा करा आणि मग तुलना करा. घरी आल्यावर वहीत वेळ आणि तापमान लिहून ठेवा. ही एक ओळ सहा महिन्यांनी फार उपयोगी पडते.

मग उन्हाळ्यात चालवायचं कशावर? सहज, लांब राइडला हार्ट रेटची वरची मर्यादा पाळा आणि वॉट घसरू द्या. मनाला हे सगळ्यात जड जातं. १५० वरून १३५ वर उतरताना हरल्यासारखं वाटतं, पण हृदयाला पडणारी मेहनत साधारण तेवढीच असते. पहाटे साडेपाचला निघा आणि आठच्या आत परत या. उन्हाची सवय व्हायला रोजच्या थोड्या सरावाने साधारण १० ते १४ दिवस लागतात. तोपर्यंत आकड्यांवरून कुठलाही निष्कर्ष काढू नका. चक्कर, मळमळ, भर उन्हात अंगावर काटा, बोलताना अडखळणं, यातलं एक जरी जाणवलं तर तिथेच सावली गाठा, अंगावर पाणी घ्या, सोबत्याला सांगा. ती राइड तिथेच संपली.

लहान इंटरव्हल्सची गोष्ट उलटी. तीस सेकंदांच्या जोरात हार्ट रेट वर चढेपर्यंत जोर संपलेला असतो. तिथे फक्त वॉट बघा.

एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येतील तेवढ्या वॉटच्या) बाबतीत बहुतेक जण एकच आकडा वर्षभर वापरतात. जानेवारीत वीस मिनिटांची टेस्ट केली, सरासरी २२० वॉट आली, त्याचे ९५ टक्के म्हणजे २०९. ठीक. पण मे महिन्यात बंद खोलीत ट्रेनरवर (सायकल एका जागी चालवायच्या स्टँडवर) त्याच २०९ च्या हिशेबाने बसलात तर तिसऱ्या इंटरव्हलला जीव जाईल. ट्रेनरवर समोरून वारा नसतो, अंग तापतं, शिवाय दोन उपकरणांचे आकडे सहसा तंतोतंत जुळतही नाहीत. म्हणून ट्रेनरची टेस्ट वेगळी करा आणि ट्रेनरवर तोच आकडा वापरा. टेस्टच्या आधीचा पाच मिनिटांचा पूर्ण जोर गाळू नका, नाहीतर निकाल फुगतो.

घरातल्या ट्रेनरबद्दल आपल्या गावाचं एक सांगतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो, खिडकी उघडी ठेवून तो थेट छातीवर सोडा. पाऊस सुरू झाला की तोच कूलर खोली दमट करतो आणि घाम वाळत नाही. तेव्हा त्यातलं पाणी काढा आणि नुसता मोठा पंखा लावा. हँडलवर आपला सोलापुरी टॉवेल टाका. घामाच्या मिठाने हेडसेटचे (हँडल जिथे फिरतं त्या सांध्याचे) बोल्ट गंजतात आणि ते उशिरा कळतं.

२२० वजा वय हे सूत्र सोडून द्या. ४५ वर्षांच्या माणसाला ते १७५ सांगतं, पण प्रत्यक्षात कुणाचे कमाल ठोके १६५ असतात तर कुणाचे १८८. त्यावर आखलेले झोन (सरावाच्या तीव्रतेचे टप्पे) मग सगळेच चुकतात. त्याऐवजी एकट्याने तीस मिनिटं सलग, टिकेल तेवढ्या जोरात चालवा आणि शेवटच्या वीस मिनिटांतल्या ठोक्यांची सरासरी घ्या. झोन त्यावर आखा. पहिल्यांदाच करत असाल किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

कधी कधी चूक शरीराची नसतेच, उपकरणाची असते. सायकल रात्रभर घरात किंवा पत्र्याखाली असते आणि बाहेरचं तापमान वेगळं असतं. पॉवर मीटर धातूतला अगदी सूक्ष्म ताण मोजतो आणि तापमानाने तो आकडा सरकतो. म्हणून बाहेर दहा-पंधरा मिनिटं चालवून मग झीरो ऑफसेट करा, म्हणजे मीटरचा शून्य पुन्हा जुळवा. मीटर फक्त डाव्या क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) असेल तर तो डाव्या पायाचे वॉट दुप्पट करून दाखवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या आकड्यांशी बरोबरी करू नका. ठोके मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्याने पहिल्या दहा मिनिटांत २१० दाखवले तर घाबरू नका. कोरड्या हवेत पट्टा ओला नसतो आणि जर्सी घासली जाते. निघताना तो पाण्याने भिजवा. मनगटावरचं घड्याळ मात्र कधी कधी पायडलिंगची लय पकडतं. ८८ केडन्सला (मिनिटाला पायडलचे ८८ फेरे) हार्ट रेटही नेमका ८८ दिसला तर समजून जा.

जून-जुलैत नैऋत्येचा वारा सुटला की मंगळवेढा रोडवर जाताना १८ चा वेग आणि येताना तेवढ्याच वॉटला ३२. जाताना वेग टिकवायला गेलात तर बेस राइडची थ्रेशोल्ड (एफटीपीच्या आसपासच्या जोराची) राइड होते. येताना लोक पाय थांबवतात, मीटरमध्ये शून्यं भरतात आणि सरासरी पडते. आपल्या सपाट रस्त्याचा खरा फायदा म्हणजे सलग पायडलिंग, तो वाया घालवू नका. आषाढी जवळ आली की हा रस्ता वारकऱ्यांचा असतो, त्या दिवसांत ट्रेनर बरा.

शेवटची चूक फसवी आहे. नेहमीचे वॉट आहेत, ठोके दहाने कमी आहेत आणि आपण खूश होतो. पाय हलके असतील, झोप नीट असेल तर ती प्रगती. पाय शिशासारखे जड आणि जोर लावूनही ठोके वर चढत नसतील, तर तो थकवा आहे. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा सलग दोन-तीन दिवस वाढलेली असेल तर आराम करा. ताप येऊन गेल्यावरही नाडी पूर्ववत होईपर्यंत इंटरव्हल्सला हात लावू नका.

अण्णांनी जूनमध्ये पुन्हा सुरुवात केली, मर्यादा पाळून. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी त्याच रस्त्यावर १६० वॉटला १३३ ठोके आले. टेस्ट आता करू की गणपतीनंतर, असं विचारत होते. "आधीच करून टाका अण्णा, त्या दहा दिवसांत झोप व्हायची नाही."