बिडी सोडवायला फुंकायची टेस्ट: या चुका टाळा

नागपुरात धंतोली-रामदासपेठचं क्लिनिक असो की मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांचा छातीविकार विभाग, स्पायरोमेट्री म्हणजे फुंकायची टेस्ट करून आलेल्या माणसाला घरचे एकच विचारतात, "काय निघालं?" तो म्हणतो, "काही नाही, नॉर्मल आहे." अर्ध्या तासात गडी पानठेल्यावर. ही टेस्ट मुळात दमा आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, ओळखायची. बिडी-सिगारेट सोडायला भाग पाडण्यासाठीही ती वापरतात आणि वापरावीच. पण चुकीची वापरली तर माणूस आणखी निर्धास्त होऊन ओढायला लागतो.

"नॉर्मल आहे" एवढंच सांगणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "डॉक्टरसाहेब, मशीन त पास झालो ना मी?" असं विचारणाऱ्याला नुसतं "हो" म्हटलं, की विषय संपला. वीस वर्षं बिडी ओढूनही आकडा चांगला येऊ शकतो. बारीक श्वासनलिका खराब व्हायला लागल्या तरी पहिल्या सेकंदात जोरात बाहेर पडणारी हवा, म्हणजे एफईव्ही१, बराच काळ टिकून राहते. आणि हृदयाच्या नळ्या किंवा कॅन्सर याबद्दल ही मशीन काहीच बोलत नाही.

२००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमधला अभ्यास छापून आला. पस्तिशीपुढचे ५६१ धूम्रपान करणारे. टेस्ट सगळ्यांची केली, सोडायचा सल्लाही सगळ्यांना दिला. एका गटाला निकाल 'फुफ्फुसाचं वय' म्हणून, म्हणजे एवढा आकडा निरोगी माणसाचा कितव्या वर्षी येतो असं सांगून, समजावला, दुसऱ्याला नुसता आकडा कळवला. वर्षभराने लाळ तपासली तेव्हा पहिल्या गटात १३.६ टक्के लोकांनी सोडलेली होती, दुसऱ्यात ६.४. गंमत म्हणजे ज्यांच्या फुफ्फुसाचं वय जास्त निघालं त्यांनीच जास्त सोडली, असं काही दिसलं नाही. चांगल्या निकालवाल्यांनीही सोडली. म्हणून नॉर्मल रिपोर्ट देताना सांगायचं ते असं: "काका, अजून वाचवण्यासारखं बरंच आहे, सोडायची हीच वेळ." अर्थात पहिल्या गटातल्याही ८६ टक्के लोकांनी सोडली नाही, आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही. टेस्टला जादूची कांडी समजू नये.

अर्धवट फुंकीवर वय काढणं

फुफ्फुसाचं वय काढायचं जुनं सूत्र १९८५ चं, अमेरिकेतलं. पुरुषासाठी इंचातली उंची गुणिले २.८७, त्यातून लिटरमधला एफईव्ही१ गुणिले ३१.२५ वजा, आणखी ३९.३७५ वजा. कागदावर करून बघा: एफईव्ही१ १०० मिलीने कमी आला की वय तीन वर्षांनी वाढतं. बायकांच्या सूत्रात चार वर्षांनी. बूट घालून उंची मोजली आणि एक इंच जास्त लागला, की आणखी जवळपास तीन वर्षं! म्हणजे फुंकताना ओठांच्या फटीतून हवा गेली, जीभ नळीसमोर आली, पहिल्याच सेकंदाला खोकला आला, की आकडा बिडीचा नसून आळशी फुंकीचा.

म्हणून चप्पल-बूट काढून उंची. नाकाला क्लिप. छाती भरेपर्यंत श्वास, मग एकदम धाडकन फुंक, आणि थांबायचं नाही, किमान सहा सेकंद. टेक्निशियन "अजून, अजून, सोडू नका" म्हणून ओरडत नसेल तर टेस्ट नीट होत नाहीये समजा. तीन चांगल्या फुंकी हव्यात, त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन फुंकींत १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको.

दुसरा घोळ मापदंडाचा. ५ फूट ६ इंच उंची आणि ३ लिटर एफईव्ही१ टाकलं, की हे सूत्र वय ५६ सांगतं. आपल्याकडे पंचेचाळिशीच्या, कधीच न ओढलेल्या माणसाचाही आकडा एवढा असू शकतो. भारतीय माणसाला गोऱ्यांच्या मापाने मोजलं तर निरोगी फुफ्फुसही म्हातारं दिसतं. मशीनमध्ये भारतीय मापदंड निवडलेत का, आधी बघा. जुना टीबी किंवा चुलीचा धूर यांनीही आकडा पडतो, सगळं खापर बिडीवर फोडू नका.

सर्दी-खोकल्यात टेस्ट नको. आधी तासभर बिडी नको. नुकताच हार्ट अटॅक, डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन, थुंकीतून रक्त असं काही असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं.

सगळ्यांसमोर घाबरवणं

सुनेसमोर, पोरांसमोर "तुमचं फुफ्फुस ऐंशीचं झालं" म्हटलं की माणूस मान खाली घालतो आणि मनात म्हणतो, आता सोडून काय फायदा? फायदा आहे. अमेरिकेच्या लंग हेल्थ स्टडीत सुरुवातीचा सीओपीडी असलेल्यांना अकरा वर्षं पाहिलं: ओढत राहिलेल्या पुरुषांचा एफईव्ही१ वर्षाला साधारण ६६ मिलीने घसरत होता, सोडणाऱ्यांचा ३० ने. हे एकट्याला बसवून सांगा.

रिपोर्ट देऊन घरी पाठवणं

त्याच बैठकीत सोडायची तारीख ठरवा. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११२-३५६ हा मोफत नंबर तिथेच लावून द्या. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर निकोटीन गम सहसा ४ मिग्रॅची लागते, नाहीतर २ चालते. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. ही गम चघळत राहायची नसते. थोडं चावून गालात दाबून ठेवायची. ती कला नागपूरकराला शिकवावी लागत नाही.

खर्रा विसरणं

बिडी सुटली आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू घोटून केलेलं मिश्रण, सुरू झाला, हा आपल्याकडचा खास प्रकार. फुंकायच्या मशीनला तो दिसत नाही, रिपोर्ट चकाचक येतो. टेस्टआधी चूळ भरायला लावता तेव्हाच तोंडात बघून घ्या: पांढरे चट्टे आहेत का, तोंड पूर्ण उघडतं का. तोंड उघडायला त्रास होणाऱ्याला नळीही नीट धरता येत नाही. त्याला तोंडाच्या डॉक्टरकडे पाठवा.

महिन्याभरात पुन्हा टेस्ट

"सोडली, तरी आकडा तिथेच!" म्हणून चिडून पुन्हा सुरू करणारे असतात. हा आकडा फारसा वाढत नाही, घसरण मंदावते, आणि ती महिन्यात दिसत नाही. सुरुवातीला खोकला थोडा वाढूही शकतो, आधीच सांगून ठेवा. लवकर फरक दाखवायचा असेल तर श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजा, तो एक-दोन दिवसांतच उतरतो. स्पायरोमेट्री वर्षभराने, शक्यतो त्याच मशीनवर. जुना रिपोर्ट थर्मल कागदावरचा असेल तर आजच झेरॉक्स काढून ठेवायला सांगा, नागपूरच्या मे महिन्यात त्यावरची अक्षरं उडून जातात.