या चुका टाळा : राली आणि इतर ग्रीक व्यापारी घराण्यांची वंशावळ लावताना

19व्या शतकातल्या ग्रीक व्यापारी घराण्यांची वंशावळ लावताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावांचा. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, ही एजियन समुद्रातल्या खिऑस बेटावरची रीत लंडन-मार्सेलला गेल्यावरही सुटली नाही. पाच भाऊ असतील तर पाचही घरांत आजोबांच्या नावाचा नातू. त्यात सोयरिकी आपसातच, म्हणून आडनावंही फिरून तीच.

यातून सोडवतं ते मधलं नाव. आपल्यासारखंच तिथेही बापाचं नाव लागतं. स्टीफन ऑगस्टस राली म्हणजे ऑगस्टसचा मुलगा स्टीफन. त्याच्या मुलाचं नाव पुन्हा ऑगस्टस. हा मुलगा 1872 मध्ये इंग्लंडमधल्या ईटन शाळेत शिकताना वारला. आजोबा ऑगस्टस मार्सेलची पेढी पाहत. मधल्या नावाचं आद्याक्षर गाळलंत, तर आजोबांचा व्यापार शाळकरी नातवाच्या नावावर चढतो. म्हणून ते अक्षर कधीच गाळू नका, अगदी कच्च्या टिपणातही.

आडनाव बदललं की घराणं वेगळं, असंही धरू नका. लंडनचे आयोनिडीस मूळचे इप्लिक्त्सिस. ते जुनं आडनाव तुर्की 'इप्लिक' म्हणजे सूत, या शब्दावरून.

तारखांचं पाहा. ग्रीक चर्च जुनी दिनदर्शिका पाळत असे आणि त्या शतकात ती इंग्रजी दिनदर्शिकेच्या 12 दिवस मागे होती. बाप्तिस्म्याच्या वहीत 5 मे आणि इंग्रजी कागदावर 17 मे दिसलं, तर ती जुळी भावंडं नव्हेत; दिवस एकच आहे. आपल्या टिपणात दोन्ही तारखा लिहा.

जन्मस्थान 'तुर्कस्तान' दिसलं म्हणून माणूस तुर्क ठरवू नका. खिऑस 1912 पर्यंत ऑटोमन राज्यात होतं.

'1822च्या कत्तलीनंतर सगळे परागंदा झाले' हे वाक्यही डोळे मिटून उतरवू नका. ऑटोमन सैन्याने खिऑसवर केलेली ती कत्तल भयंकर होती, पुष्कळ घराणी तिच्यामुळेच विखुरली. पण राली बंधूंची लंडनची पेढी 1818ची आहे.

मुंबईत शोधणाऱ्यांसाठी एक. राली ब्रदर्सची इथली कचेरी 1861ची. तिच्या कागदांवर ग्रीक सही दिसली की लगेच राली घराण्यात जोडू नका, पेढीत इतर घराण्यांतले ग्रीकही नोकरीला असत.

अडलंच, तर लंडनच्या वेस्ट नॉरवुड दफनभूमीतला ग्रीक भाग गाठा. ती जागा ग्रीकांनी 1842 मध्ये घेतली. स्टीफन रालीने ईटनला वारलेल्या मुलासाठी, ऑगस्टससाठी, बांधलेलं चॅपल (छोटं प्रार्थनामंदिर) तिथेच आहे.